कोबीच्या पिंपावरची ऐरण

मी एक जुनी ऐरण आहे. सोनाराची आहे, म्हणून आकाराने लहान. तुमच्या दप्तरात मी सहज मावेन, पण उचलायला गेलात तर दप्तराचा बंद तुटेल. दूरच्या बर्फाळ डोंगरांतल्या कोचकोर गावात ज्या घरात मी राहते, त्याच्या दारावर निळ्या रंगात 'चांदीची कामे' असे लिहिले आहे. अक्षर वाकडे आहे, पण रंग पक्का आहे.

मित्रांनो, ऐरण होण्याआधी मी आगगाडीचा रूळ होते. बालिकची गावापाशी रूळ संपतात आणि पुढे सरोवर लागते. तिथल्या अगदी टोकाच्या रुळांपैकी मी एक. मार खाण्याची सवय मला तिथूनच लागली. रूळ बदलले तेव्हा सादिरकुल नावाच्या एका तरुण कारागिराने एक बकरा देऊन माझा वीतभर तुकडा मिळवला. तीन दिवस तो मला करवतीने कापत होता. मग त्याने मला कानशीने घासले, लालभडक तापवले आणि मेंढीच्या चरबीत बुडवले. शेवटी जर्दाळूच्या बुंध्यात बसवून त्याने माझ्यावर हातोडी हलकेच टेकवली. मी खणखणीत वाजले.

"जिवंत आहे!" सादिरकुल म्हणाला. पुढे लोक त्याला उस्ता, म्हणजे कारागीर, म्हणू लागले. मला कोणी काही म्हटले नाही.

चाळीस वर्षे माझ्यावर चांदी ठोकली गेली. बांगड्या, बटणे, वेणीत गुंफायचे लोलक, घोड्याच्या खोगिराच्या पट्ट्या असे कितीतरी दागिने माझ्या पाठीवर घडले. लोक म्हणत, "उस्ताच्या हाताला यश आहे!" ऐरणीच्या पाठीला यश आहे, असे कोण म्हणणार? पण उस्ता दर गुरुवारी चरबीच्या फडक्याने मला पुसायचा आणि तेवढे मला पुरत असे.

उस्ताची सून झुराकान. नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हा भाता चालवायचे काम तिच्याकडे आले. "सूनबाई, हळू. चांदीला घाई चालत नाही," उस्ता सांगायचा. बायकांनी हातोडी धरायची पद्धत आमच्याकडे नव्हती. झुराकान भाता चालवत राहिली आणि बघत राहिली. वीस वर्षे तिने फक्त बघितले.

उस्ताचे शेवटचे काम म्हणजे कर्णफुलांची एक जोडी. आमच्याकडे लग्न ठरते ते कानांवर. मुलाची आई मुलीच्या घरी येते आणि माणसांदेखत आपल्या हाताने तिच्या कानांत कर्णफुले घालते. ती घातली की मुलगी त्या घरची झाली. दुसऱ्या कोणी ती घालायची नसतात. गावातल्या सादात नावाच्या बाईने आपल्या मुलासाठी ही जोडी सांगितली होती आणि ज्या मुलीच्या कानांत ती जायची होती, ती झुराकानचीच लेक होती, जायनागुल. आपल्याच नातीची कर्णफुले उस्ताने माझ्यावर घडवली. पानाच्या आकाराची होती ती, खाली पोवळ्याचा एक मणी. त्या आठवड्यात तो गुणगुणत काम करत होता. जोडी झाली आणि सादातने ती माणसांदेखत जायनागुलच्या कानांत घातली.

मग उस्ता गेला. शरद ऋतूत कोबी खारवायची वेळ आली. पिंपाच्या झाकणावर ठेवायला काहीतरी जड हवे होते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे म्हणतात. मी लाखो घाव सोसले आणि मला कोबीच्या पिंपावर जागा मिळाली. खाऱ्या पाण्याने मला गंज चढला. लाकडी झाकणावर ऐरण वाजत नाही. कोणी आपटले तरी नुसता 'थप' आवाज होतो.

त्या हिवाळ्याच्या शेवटी, लग्नाला दोन महिने उरले असताना, दोलोनच्या घाटात बर्फाचा कडा एका गाडीवर कोसळला. त्या गाडीत जायनागुल होती.

मी पडवीत होते, म्हणून मला सगळे दिसले. अंगणात तंबू उभारला गेला. रीतीप्रमाणे घरच्या बायका आत भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि गेलेल्या मुलीचे गुण गात मोठ्याने रडू लागल्या. सगळ्यांत मोठा आवाज आईचा असावा लागतो. झुराकान भिंतीकडे तोंड करून बसली, पण तिच्या तोंडून आवाज फुटला नाही. तिचा नवरा रशियाहून आला, रडला, चाळिसाव्या दिवसाच्या विधीपर्यंत थांबला आणि कामावर परत गेला. ती नाही रडली.

"काय बाई काळीज आहे! डोळ्याला पाण्याचा टिपूस नाही," बाहेर चहा ओतताना एक बाई म्हणाली.

झुराकानच्या सासूने, उलबोल्सुन आजीने, ते ऐकले. "तिच्या वाटचं मी रडतेय ना? तू चहा ओत," ती म्हणाली. आणि खरेच, ती दोघींच्या वाटचे रडली.

मित्रांनो, झुराकानला काय झाले होते ते मला कळत होते. पिंपावर माझेही तेच झाले होते. थप.

दोन वर्षे तशीच गेली. ती गाय पिळायची, भाकरी भाजायची, कोणी विचारले तर उत्तर द्यायची. तिसऱ्या शरदात आजीची बांगडी मोडली.

"घरात उस्ता होता तेव्हा गावभरच्या बांगड्या जोडल्या जात होत्या. आता घरधनिणीची बांगडी फडक्यात बांधून ठेवायची. घ्या!" आजी कुरकुरली.

झुराकानने मला पिंपावरून उचलले. वाळूने माझा गंज घासला, बुंध्यातली माती काढली आणि मला माझ्या जागी बसवले. चांदी वितळवायची मूस शोधली, सांधा जोडायचा टाकणखार शोधला. संध्याकाळपर्यंत बांगडी जोडून झाली होती. सांध्याचा डाग थोडा जाड लागला होता, पण पक्का होता.

आजी बांगडी उलटीसुलटी करून बघत राहिली. "कुठे शिकलीस गं?"

"भाता चालवत होते ना."

नंतर एक दिवस तिने दारावर ते निळे अक्षर काढले. घरात कुंचला नव्हता म्हणून तिने बदकाचे पीस वापरले, त्यामुळे अक्षर वाकडे आले.

आजी दारात उभी राहून म्हणाली, "पाटी लावली की उस्ता होता येतं होय? मग मी पागोटं बांधून मुल्ला होते!" पण पाटी पुसू नकोस असेही तीच म्हणाली.

पंधरा दिवस कोणी आले नाही. मग मोडकी बटणे आली, तुटलेल्या साखळ्या आल्या. नवी कामे मात्र येत नव्हती. बाईच्या हातची चांदी काळी पडते, असे कोणी म्हणत होते. कोणी त्याहून वाईट म्हणत होते. जिची मुलगी नवरी होता होता गेली, तिच्या हातचा दागिना नवरीला कसा घालायचा? आमच्या गावात चांदीचे काम म्हणजे लग्नाचे काम. लग्नाचे काम आले नसते तर ते दार बंद पडले असते, झुराकान पुन्हा गप्प गाय पिळत बसली असती आणि मी पिंपावर गेले असते. मला त्याची भीती वाटत होती. झुराकानला वाटत होती की नाही, ते तिच्याकडे बघून कळत नव्हते.

लग्नाचे पहिले काम घेऊन आली ती सादात. फडक्यात चांदीचे सहा चमचे बांधून ती दारात उभी राहिली. एके काळी ती याच दारातून "विहीणबाई!" अशी हाक मारत आत यायची. आज तिने "बाई" एवढेच म्हटले आणि ती अडखळली.

"मुलाचं ठरतंय. कर्णफुलं हवी होती."

आजी भडकलीच. "गावात दुसरं दार नव्हतं का गं? जखमेवर मीठ चोळायला इथेच आलीस?"

"बाजारात तयार जोड्या मिळतात, अपा," सादात म्हणाली. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे अपा म्हणतात. "पण हे दार टाळून मुलाचं लग्न केलं, तर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर जाते."

झुराकान उठली. पेटीतून तिने एक लहानशी पुरचुंडी काढली आणि सादातपुढे धरली. जायनागुलची कर्णफुले होती ती. "ही तुमची. परत द्यायची राहिली होती."

सादातने हात मागे घेतले. "कानांत घातलेलं परत घेत नाहीत."

मग झुराकानने पुरचुंडी माझ्याशेजारी ठेवली आणि चमचे तळहातावर तोलले. "पान करू की चंद्र?"

"तुला जमेल ते कर."

"बुधवारी या."

तिने चमचे वितळवले, कांडी ओतली आणि माझ्यावर ठोकायला घेतली. नमुन्यासाठी लेकीची कर्णफुले समोर उघडी ठेवली होती. पहिल्या दिवशी एकेक घाव नेमका पडला. दुसऱ्या दिवशी हातोडी निसटून तिच्या अंगठ्यावर बसली. नख काळेनिळे झाले, माझ्यावर रक्त सांडले. तिने आधी बाहीने मला पुसले, मग अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि पुढे ठोकू लागली. तोंडातून साधे 'स्स' सुद्धा आले नाही. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण तेव्हा मी घाबरले.

बुधवारी जोडी तयार होती. चंद्राची कोर, खाली पोवळे. सादात आली ती एका मुलीला घेऊनच. बेगायिम तिचे नाव. बालवाडीत शिकवायची. गालांवर थंडीने लाली आली होती.

"दोघी बाजारात कापड घ्यायला निघालो होतो," सादात म्हणाली. "हिला म्हटलं, लांबून बघ. घालायची मात्र उद्या, तुझ्या घरी, माणसांसमोर. ऐकलंस ना गं? नुसतं बघायचं."

"नुसतं बघतेय, अपा," बेगायिम हसून म्हणाली आणि माझ्यासमोर वाकली. तिचा रुमाल मागे सरकला. कान मोकळा झाला.

"आकडा जरा मोठा झाला का बघू," झुराकान म्हणाली. तिने उजव्या हाताने कर्णफूल उचलले, डाव्या हाताने मुलीच्या कानामागची बट बाजूला केली, जशी आई लेकीची करते तशी, आणि कर्णफूल कानात घालून आकडा दाबला.

मग सगळे जिथल्या तिथे थांबले. आजीच्या हातातली चहाची वाटी अर्ध्यावर राहिली. एक कर्णफूल मुलीच्या कानात होते आणि दुसरे झुराकानच्या तळहातावर. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे मी काय केलं?" ती म्हणाली. "काढते. लगेच काढते."

"हात लावू नकोस!" आजी ओरडली. "कानातलं काढलं की लग्न मोडलं. एवढंही कळत नाही?"

"आणि ठेवलं तर?"

"ठेवलं तर पोरगी आपल्या घरची झाली. आणि आपल्याकडे तिला द्यायला मुलगा कुठे आहे?" आजीने वाटी खाली ठेवली.

सगळ्यांनी सादातकडे पाहिले. तिने ठरवले असते तर ती तिथेच अपशकुन म्हणून ओरडली असती, मुलीला ओढून घेऊन गेली असती आणि संध्याकाळपर्यंत गावभर झाले असते. ते निळे अक्षर मग पुसावेच लागले असते.

सादात बराच वेळ त्या एका कानाकडे बघत होती. मग तिने झुराकानच्या तळहातावरचे दुसरे कर्णफूल उचलून रुमालाच्या टोकात बांधले.

"हा कान तुझा," ती म्हणाली. "दुसरा उद्या मी भरीन. लग्नात हिला मानलेली आई लागतेच, ती कोण हा प्रश्न सुटला. पोरी, तुला चालेल ना?"

बेगायिमने कानाला हात लावून पाहिला. "जड आहे," ती म्हणाली. मग झुराकानकडे बघून म्हणाली, "पण चालेल, आई."

"मग उभं काय ठेवलंय तिला?" आजी डोळे पुसत म्हणाली. "लेक घरात आलीय, भाकरीचा तुकडा तरी मोडू द्या!"

बेगायिमने भाकरी मोडली, रुमाल पुढे ओढून एक कान झाकला आणि दोघी निघाल्या. दारातून सादात वळली. "उद्या लवकर ये हो, विहीणबाई."

झुराकान माझ्यासमोर येऊन बसली. कोणाची तरी अंगठी अर्धवट राहिली होती, ती तिने घेतली. दोनच घाव घातले. तिसरा त्याच अंगठ्यावर बसला.

"आई गं!" ती किंचाळली.

तिने अंगठा तोंडात धरला, मग काढला, मग त्याच्याकडे बघत ती रडू लागली. आधी नुसती रडली, मग शब्द आले. माझी जायना, माझं पहाटेचं कोकरू, तुझ्या कानांना मी हात लावला नाही, तुला शेवटची आंघोळ घालताना बायकांनी काढून दिलेलं मी पेटीत ठेवलं. तेव्हा तंबूत भिंतीकडे तोंड करून जे म्हणायचे होते ते सगळे ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली. शेजारची बाई धावत आली तेव्हा आजी दार अडवून उभी होती.

"आत जायचं नाही," आजी म्हणाली. "माझी सून रडतेय. रडू दे तिला."

आता गावातली लग्नाची बरीच कामे याच दारात येतात. कानात घालून बघायचे असेल तर झुराकान आरसा पुढे करते आणि स्वतःचे हात पाठीमागे ठेवते. बेगायिमला मुलगी झाली आहे. दर गुरुवारी मला चरबीचे फडके मिळते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे जुने हत्यार कुठेतरी कोपऱ्यात पडले असेल. कदाचित एखादे माणूसही तसे बसलेले असेल. आवाज येत नाही म्हणून त्याला दुखत नाही, असे समजू नका. त्याला त्याच्या जागी बसवा, हातात त्याचे काम द्या आणि थोडा धीर धरा. आणि कोबीच्या पिंपावर दगड ठेवा. नदीत दगड पुष्कळ आहेत.