न निघणारं टोपण

डॅडशी भांडायचं नाही, असं ठरवूनच मी त्या शनिवारी दुपारी गेले होते. मॉम फोनवर एवढंच म्हणाली होती, "जेनेल, जरा येऊन जा गं. सकाळपासून गॅरेजात नुसत्या शिव्या चालल्यात."

गॅरेजात त्याची शिकारीची रायफल शिकंज्यात आवळलेली होती. गोळी सुटताना खांद्याला बसणारा धक्का कमी व्हावा म्हणून नळीच्या तोंडाला एक टोपण बसवतात, आट्यांवर फिरवून. त्या टोपणाशी डॅडची झटापट चालली होती. हातात लांब दांड्याचा पाना, शर्ट घामाने चिंब, बाजूला गॅसचा टॉर्च. टोपण मात्र ढिम्म हलत नव्हतं.

"आजच काय अडलं होतं?" मी विचारलं.

"मग काय डोंगरावर जाऊन काढू? या टोपणाने आवाज दुप्पट होतो. टेसच्या कानांचं काय?"

टेस माझी मुलगी. पुढच्या आठवड्यात मोसम उघडला की तिची पहिली शिकार होती, आजोबांबरोबर, दोघांनीच वरच्या रानात जायचं. आमच्या घरात वर्षभर दुसरा विषय नव्हता. पोरगी नवे बूट घालून झोपायची.

"तूच तो आट्या पक्क्या धरणारा लाल गोंद लावून बसवलं होतंस ते. नीट तापवल्याशिवाय सुटायचं नाही," मी म्हणाले.

"मी? गोंद? डोकं फिरलंय का तुझं? उभ्या जन्मात मी नळीला गोंद लावलेला नाही!"

भिंतीपलीकडून मॉम ओरडली, "लावलास! आणि हात पुसलेस माझ्या चांगल्या टॉवेलला!"

"तू तुझं चिलीचं पातेलं ढवळ!"

मला हसू आलं. तेवढ्यात नळीचं तोंड कुठे आहे ते दिसलं. त्याच भिंतीकडे होतं. भिंतीच्या मागे शेगडी, आणि शेगडीपाशी मॉम.

मी बोल्टला, काडतुसाची जागा उघडणाऱ्या मागच्या खिटीला, हात घातला.

"रिकामी आहे. मी बघितलंय," डॅड म्हणाला.

आमच्या खोऱ्यात बंदुकीला हात लावला की बोल्ट उघडून आत स्वतः बघायचं. देणाऱ्याने आत्ता तुमच्यासमोर बघितलं असलं तरीही. नवऱ्याने दिली तरी, खुद्द पाद्र्याने दिली तरी. कुणाला त्याचा राग येत नाही. आणि हे खोऱ्याला शिकवलं कुणी? माझ्या बापाने. दर वर्षी चर्चच्या तळघरात, आत्ता डोक्यावर होती तीच शिकाऱ्याची नारिंगी टोपी घालून, तो पोरांचा बंदुकीचा वर्ग घ्यायचा. जो न बघता बंदूक हातात घेईल त्याला तिथूनच घरी पाठवायचा. "पुढच्या वर्षी ये," एवढंच म्हणायचा. मलाही पाठवलं होतं. मी रडून घर डोक्यावर घेतलं, पण हा पठ्ठ्या हलला नाही.

आणि आज तोच माणूस माझं मनगट धरून म्हणाला, "बापावर विश्वास नाही का तुझा?"

एरवी हे वाक्य त्याच्या तोंडून कधीच निघालं नसतं.

मी हात सोडवला आणि बोल्ट मागे ओढला. आतून काडतूस उडालं, फरशीवर टणकन पडलं आणि घरंगळत त्याच्या बुटापाशी जाऊन थांबलं. भरलेलं, जिवंत.

डॅड त्याच्याकडे बघतच राहिला. "हे कुणी घातलं आत?"

"कुणी म्हणजे? इथे दुसरं आहे कोण?" माझा आवाज चढला तो चढलाच. "त्या भिंतीमागे मॉम उभी आहे, डॅड! आणि तू पान्यावर पाना हाणतोयस! टॉर्च लावून!"

त्याने भिंतीकडे बघितलं. पलीकडे मॉम काहीतरी गुणगुणत होती. त्याचा चेहरा असा पडला, की आपण ओरडलो कशाला असं मला झालं. जीभच उपटून टाकावीशी वाटली.

मग मी बोल्ट पुरता बाहेर काढला, म्हणजे आता गोळी सुटणंच शक्य नव्हतं, रायफल सोडवून बाहेरच्या दाराकडे तोंड करून पुन्हा आवळली आणि टॉर्च पेटवला. डॅड बाजूच्या स्टुलावर बसला. जळक्या गोंदाचा वास सुटला, पाना लावला, आणि टोपण मुकाट्याने फिरलं. आट्यांत तांबडा भुगा होता. डॅडने तो बोटावर घेतला, बराच वेळ बघितला.

"लावला होता की," तो म्हणाला.

"हो."

टेसबद्दल बोलायला हवं होतं. आठ दिवसांवर आलेली शिकार, ते नवे बूट, आणि हा माझा बाप. कसं सांगू?

त्यानेच डोक्यावरची नारिंगी टोपी काढली आणि टोपणाशेजारी ठेवली. "टेसला तू घेऊन जा."

"डॅड..."

"अगं, वर्गातल्या कुठल्याही पोराला मी घरीच पाठवलं असतं." तो खाली बघत होता. मग त्याने मान वर केली, आणि अगदी त्या पोरांसारखं विचारलं, "मी पुढच्या वर्षी येऊ?"

त्याला डॉक्टरांकडे न्यायला हवं, बंदुकांच्या कपाटाची किल्ली मागून घ्यायला हवी, मॉमला सांगायला हवं, सगळं मला त्या क्षणी कळत होतं.

"ये ना," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी ये." आणि बोल्ट माझ्या जॅकेटच्या खिशात टाकला.