दोन्ही बाह्या डाव्या

माझ्या धाकट्या भावाने एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. कापड उलटवायला विसरलं की असं होतं, पण ते शिकाऊ माणसाकडून. हा तर मिसरूड फुटल्यापासून कात्री चालवणारा शिंपी!

"गिऱ्हाइकाला दोन डावे हात आहेत वाटतं," मी म्हटलं. तोही हसला.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तेच केलं. या वेळी त्याला चूक दिसेचना. दोन्ही बाह्या शेजारी शेजारी मांडून दाखवल्या, तरी म्हणाला, "बरोबर तर आहेत." मग कात्रीला सुई म्हणू लागला. आमचं हसू कुठल्या कुठे गेलं.

त्याच्या पोटात मी दिलेली किडनी होती. शरीराने ती परकी म्हणून नाकारू नये, यासाठी तो प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्यायचा. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं.

"मेंदूत विषाणूचा संसर्ग झालाय. हा विषाणू पुष्कळांच्या अंगात निपचित पडून असतो. गोळ्यांमुळे त्याला रान मोकळं मिळालं. त्याच्यावर नेमकं औषध नाही. गोळ्या कमी केल्या तर शरीर त्याच्याशी लढेल, पण किडनीवरही उलटू शकेल."

"नको," भाऊ म्हणाला. "ताईची आहे ती."

एवढे शब्द मात्र त्याला बिनचूक सापडले. माझं डोकंच फिरलं.

"माझी असती तर माझ्या पोटात असती! दिली ती दिली. गाढवा, तू राहिलास तर तिचा उपयोग ना?"

"ताई, हळू," भावजय म्हणाली. पण तिनेच त्याचा हात धरून त्याच्याकडून होकार घेतला.

गोळ्या कमी झाल्या. आधी तो आणखी बिघडला, मग हळूहळू बोलणं ताळ्यावर येऊ लागलं. किडनीने मात्र साथ सोडली. त्याला पुन्हा डायलिसिसला न्यावं लागलं.

मी त्याच्या खाटेशी उभी होते. 'डोकं वाचलं, हे काय कमी आहे,' असं मोठ्या मनाचं वाक्य घरून ठरवून आणलं होतं. ते काही ओठांबाहेर पडेना.

तो माझ्याकडे बघत राहिला. आजारी पडल्यापासून त्याने कुणाची साधी विचारपूसही केली नव्हती.

"ताई," तो म्हणाला, "तुला वाईट वाटतंय ना गं?"

"हो रे," मी म्हणाले. "खूप."

तो जरासा सरकला आणि मला बसायला जागा करून दिली.