आमच्या ह्यांचा पसारा

माझ्या घरात पसारा पाहिला, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पाहुणा कधीही येवो, उशीला सुरकुती नाही की ओट्यावर पाण्याचा थेंब नाही. शाळेत मी फार गेले नाही, पण झाडू कुठून धरायचा हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि त्याच घरात माझ्या सुनेनं माणसं लावून पसारा करायला घेतला.

सून जाहिरातीच्या फिल्म करते. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली केल्या, ही पहिलीच तिच्या स्वतःच्या जबाबदारीवरची. जाहिरात सोफ्याची, पण दाखवायचं होतं त्यावर बसणाऱ्यांचं सुख. सुट्टीची सकाळ, नवरा-बायको, नुसतं लोळणं. ठरवलेली जागा ऐनवेळी हातची गेली आणि फिल्म तर दोनच दिवसांत कंपनीकडे पोचायला हवी होती.

"आई, आपला हॉल वापरू का? हे काम हुकलं तर मला परत कुणी दारात उभं करणार नाही."

तोंड एवढंसं झालं होतं पोरीचं. म्हटलं, "वापर. पण भिंतीला एक जरी खिळा मारलास तर गाठ माझ्याशी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच वरात आली. माझा सोफा जिन्यात गेला, त्याच्या जागी कंपनीचा. सजावट करणारी एक पोरगी होती, चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त. ती सोफ्याच्या हातावर कप ठेवी, मागे सरे, मान वाकडी करून बघे, परत कप बोटभर सरकवी. चादर टाकी, उचली, परत टाकी. टोस्टचा चुरा तर चिमटीनं पेरत होती.

"अगं बाई, हे काय चाललंय?"

"आजी, इथं माणसं राहतात असं वाटायला हवं ना!"

"मग इतके दिवस इथं काय म्हशी राहत होत्या?"

दाढीवाला कॅमेरामन खुदकन हसला. सून हसली नाही. तिचं लक्ष खिडकीकडे. दुपारचं ऊन थोडाच वेळ सोफ्यावर येतं, तेच सकाळचं म्हणून खपवायचं होतं. ते गेलं की सगळं गेलं.

पसारा मनासारखा जमला तेव्हा जेवायची वेळ झाली. मंडळी डबे घेऊन गच्चीवर गेली. हॉलमध्ये मी एकटी.

मी त्या खोलीकडे पाहिलं. हे सगळं जग बघणार. म्हणणार, काय हे घर! आणि नाव कुणाचं जाणार? सुनेचं नाही, सासूचं. मग काय, हात चालायला लागले. चादरीची घडी घातली, कप धुऊन पालथा घातला, चुरा केरात टाकला. वर्तमानपत्र तर असं चापून ठेवलं की जणू इस्त्री केलंय.

मंडळी परत आली आणि दारातच थबकली. सजावटवालीनं तोंडावर हात ठेवला.

सून ओरडली नाही. "आई..." एवढंच म्हणाली आणि खाली फरशीवर बसली. ओरडली असती तर बरं होतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती. पण तिचं ते बसणं मला बघवेना. ऊन सोफ्याच्या पायाशी येऊन पोचलं होतं.

सजावटवालीनं घाईघाईनं चादर टाकली, कप ठेवला.

"दुकानात मांडल्यासारखं दिसतंय," कॅमेरामन म्हणाला. तिनं परत टाकली. परत दुकानच.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लग्न झाल्यापासून मी ज्या एका गोष्टीवरून भांडत आले, तीच तर इथं हवी होती! आमच्या ह्यांना मीच आतल्या खोलीत कोंडलं होतं, शूटिंग संपेपर्यंत बाहेर दिसायचं नाही म्हणून.

"अहो, बाहेर या! सोफ्यावर बसा. चहा देते, टोस्ट खा, पेपर वाचा."

हे दारात उभे राहून माझ्याकडे बघतच राहिले. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. बसा म्हटलं ना!"

"सोफ्यावर? टोस्ट?"

"हो. आणि मी एक अक्षर बोलणार नाही."

मग काय विचारता! पेपरचं एक पान उशीमागे गेलं, एक पायाखाली. चष्मा चादरीत हरवला, तो शोधताना चादर निम्मी फरशीवर आली. बुडवलेला टोस्ट तुटून बशीत पडला. एक मोजा कुठून उगवला देव जाणे. अर्धा कप चहा संपेपर्यंत खोलीचा उकिरडा. मी ओठ दाताखाली दाबून उभी.

"बाबा, उठा आता. पण काही उचलू नका हं," सून म्हणाली.

"मी कधी उचलतो?"

नट-नटी त्या पसाऱ्यात जाऊन बसले. नटी बसली ती ह्यांच्या चष्म्यावरच! तो काढून हातात धरला आणि अशी खळखळून हसली की नवरा झालेला तो नटही हसायला लागला. कॅमेरा चालूच होता. तिकडे ऊन सोफ्याच्या हातावरून घसरायला आणि इकडे कॅमेरामन "मिळालं!" म्हणायला एकच गाठ पडली.

सुनेनं सकाळपासून कोंडलेला श्वास सोडला. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसायलाच लागली. "आई, आज जीव घेतला होतात माझा."

"राहिला ना शिल्लक? मग दोन घास खाऊन घे. गच्चीवर नुसती बसून आलीस, कळत नाही का मला?"

सुनेनं रात्रभर जागून फिल्म जोडून धाडली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या चहाला कंपनीचा निरोप आला. फिल्म पसंत. पुढचं कामही सुनेलाच. वर विचारलं होतं, खोली कुणी मांडली? इतकी खरी वाटते, पुढच्या वेळी तोच माणूस हवा.

सुनेनं ते मोठ्यानं वाचलं. ह्यांनी शर्टाची कॉलर ताठ केली. मग माझ्याकडे बघत, मुद्दाम, चहाचा कप बशीशिवाय माझ्या सोफ्याच्या हातावर ठेवला.

मी बघितलं. काही बोलले नाही. तेवढ्या एका दिवसापुरतं.