उसामी गुरुजींना पटलेली कापणी

उसामी गुरुजी सोबा खात नाहीत, सोबावर प्रवचन देतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज बाराच्या ठोक्याला मात्सुमोतो गावातल्या आमच्या सोबाच्या दुकानात हजर. सोबत मान डोलवायला दोघं.

आमचे हे, इसोजी, चाळीस वर्षं सोबाच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या, शेवया कापताहेत. दोऱ्यासारख्या, एकसारख्या. गेल्या वर्षी यांची बोटं बधिर व्हायला लागली, जेवताना चॉपस्टिक गळायला लागल्या, जिना उतरताना पाय अडखळायला लागले. शेवया कुठे दोरा, कुठे पट्टा. मला वाटलं, आता गिऱ्हाईक तोंडावर फेकणार. कसलं काय! गुरुजींनी एक पट्टा उचलून न्याहाळला आणि म्हणाले, "मालकीणबाई, हा हात आता मुरला. सारखेपणाचा मोह सुटला." गावच्या पत्रकात छापूनसुद्धा आणलं. एवढं शिकून अक्कल शून्य.

डॉक्टरांनी मानेचे फोटो काढून सांगितलं, मणक्यांमागची पट्टी हाड होत चाललीय आणि मज्जारज्जू दाबला जातोय. ऑपरेशन लवकर करा. गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नाही, पण एकदा जोरात पडलात तर हातपाय कायमचे जातील.

घरी आल्यावर हे म्हणतात, "नव्या कुट्टूच्या पिठाचा हंगाम होऊ दे. लोक माझी कापणी बघून येतात."

"लोक? ते तीन दीडशहाणे?"

"तुला त्यातलं काय कळतं?"

चाळीस वर्षं शेवया उकळतेय मी, आणि मला काय कळतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी यांना स्वयंपाकघराच्या पडद्यामागे स्टुलावर बसवलं आणि तिथेच सुरी मी घेतली, तीही डाव्या हातात. जन्मात कधी शेवया कापल्या नव्हत्या. "चकार शब्द काढायचा नाही," म्हटलं.

गुरुजींनी पहिला घास सुर्रकन ओढला, डोळे मिटले. "आज इसोजींनी कळस गाठला. चाळीस वर्षांच्या तपाशिवाय हे व्हायचं नाही." दोघांनी माना डोलावल्या.

मी पडद्याआड गेले. चांगलं सुनावायचं ठरवलं होतं. हे मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत बसले होते.

म्हणाले, "दवाखान्यात फोन लाव. माझ्याच्यानं आकडे दाबवत नाहीत."