पोचट सोनं

कृष्णेच्या पाण्यातून सोनं निघतंय म्हटल्यावर सांगलीच्या घाटावर सकाळी सातलाच चपला काढायला जागा उरेना. रत्नोदक महाराज गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, घागरीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधायचे आणि डोळे मिटून भक्तांना पाणी ओतायला लावायचे. पंचवीस तांबे झाले की फडकं उलगडायचं. गाळाच्या बारीक थरात खरोखरच पिवळे कण चमकत असायचे. शिवाय तांबडे, निळे, हिरवे, पांढरे.

"हे माणिक," महाराज करंगळीनं दाखवायचे. "हा नीलम. हा पाचू. आणि हे मोती बघा, गोड्या पाण्यातले."

"आणि ह्यो दोरा वं?" एकदा मागून कुणीतरी विचारलं.

"मग रत्नं ओवायची कशात?" महाराज म्हणाले, आणि गर्दीनं हात जोडले.

फडक्यातून घागरीत उतरलेलं पाणी म्हणजे रत्नोदक. ते फुलपात्रातून प्यायला मिळे. त्यानं सांधे मोकळे होत, साखर उतरे, एकाच्या मुलाला तर म्हणे कॅनडाचा व्हिसा मिळाला. अट एकच. रत्नोदकावर डॉक्टरची गोळी चालायची नाही. "एका म्यानात दोन तलवारी मावतात का?" महाराज विचारत. मावत नाहीत, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तानुबाई अकरा दिवस ते पाणी पीत होत्या, आणि अकरा दिवस त्यांची रक्तदाबाची गोळी पाकिटात तशीच होती.

त्यांची मुलगी संयोगिता कॉलेजात ग्रंथपाल होती. पाच महिन्यांपूर्वी वडील गेले, तेव्हा तिनंच आईला वडूजहून आपल्याकडे आणलं होतं. वडिलांना घरात सगळे तात्या म्हणत. त्यांच्या अस्थी याच घाटावर सोडल्या होत्या. महाराजांनी पहिल्या दिवशी तानुबाईंची गोड बोलून चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी डोळे मिटून, जणू वरूनच कळल्यासारखं सांगितलं, "मालकांच्या अस्थींचं सोनं झालंय, माउली."

तेव्हापासून तात्यांच्या फोटोपुढे त्या पिवळ्या कणांची एक कागदाची पुडी होती. तानुबाई तिला रोज फूल वाहत.

"आई, काल दाब एकशेऐंशी होता. गोळी घे."

"तुझं यंतर बिघडलंय."

"आणि ते सोनं नाही."

"तू लय पुस्तकं वाचतीस."

हा आरोप खराच होता. संयोगितानं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरचे तात्या नेहमीसारखे किंचित हसत होते. ते कृषी सहायक. तीस वर्षं खटाव तालुका पायाखाली घातला, पण कुणाला "तुमचं चुकतंय" म्हणाले नाहीत. "एक बादली आणा बघू," एवढंच म्हणायचे.

"आई, सोनं असेल तर ते भरीव असेल ना?"

"मग? सोनं हाय ते."

"तात्या पेरणीआधी बाजरीचं बी निवडायचे, तसं निवडून बघूया?"

चाळीस वर्षं तानुबाईंनी तात्यांबरोबर ते केलं होतं. पाच लिटर पाण्यात किलोभर मीठ विरघळवायचं, बी ओतायचं, ढवळायचं. भरीव दाणा तळाला बसतो. पोचट आणि रोगट वर येतो, तो गाळून फेकायचा.

"घरात कशाला? घाटावरच दावते," तानुबाई पदर खोचत म्हणाल्या. "चारचौघांत तुझं तोंड बंद करते."

दुसऱ्या दिवशी त्या बादली, मीठ आणि चहाची गाळणी घेऊन महाराजांपुढे उभ्या राहिल्या. महाराजांनी हसून परवानगी दिली. सोनं जड असतं, हे त्यांनाही माहीत होतं, आणि फडक्यातलं सगळं गाळाबरोबर खालीच बसेल असं त्यांनी धरलं. नेमकं तिथंच गणित चुकलं.

ताज्या फडक्यातला सगळा ऐवज तानुबाईंनी मिठाच्या पाण्यात झटकला, ढवळला, आणि पदरानं कपाळ पुसत वाट पाहिली. वाळू खाली बसली. गाळ बसला. सोनं वर आलं. त्यामागून माणिक, नीलम, पाचू. मोती तर पहिल्यापासून वरच होते. तानुबाईंच्या हातानं सवयीनं गाळणी फिरवली आणि वरचं सगळं बाजूला काढलं.

"पोचट," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नव्हे.

"मीठ लागलं की सोन्याचा गुण जातो, माउली," महाराज घाईनं म्हणाले.

पहिल्या रांगेतल्या हरणाबाईंनी गळ्याला हात लावला. "आवं, माजी बोरमाळ पन्नास वरसं घामानं भिजतीया. ती कवा तरंगायची?"

घाट हसला. संयोगितानं चिमूटभर सोनं चमच्यात वाळवून त्याखाली काडी धरली. सोनं आक्रसलं, काळं पडलं, आणि बंबात कॅरीबॅग घातल्यावर येतो तो वास सुटला. तो ओळखायला पुस्तक लागत नव्हतं.

मग तिनं पिशवीतून आणखी एक फडकं काढलं. "हे मी रविवारी वरच्या अंगाला, नाला नदीला मिळायच्या आधीच्या पाण्यात धरलं होतं. तेवढेच पंचवीस तांबे. चारच कण आहेत. महाराजांनी हातचलाखी केलेली नाही. त्यांनी फक्त जागा हुशारीनं निवडली, नाल्याच्या तोंडाशी. मोती म्हणजे मखराचा थर्माकोल, नीलम म्हणजे कॅरीबॅग, दोरा आपल्या साड्यांचा. उन्हापाण्यानं त्यांचा भुगा होतो, कुजत मात्र नाही. फडक्यात अडकलं ते दिसलं. त्याहून बारीक होतं ते घागरीत उतरलं, आणि तुम्ही प्यायलात. असे कण माणसाच्या रक्तातही सापडलेत. ते किती अपाय करतात ते अजून शोधताहेत. पण औषध म्हणून कुणीही दिलेले नाहीत."

फुलपात्रं हळूहळू खाली ठेवली गेली. महाराजांना एकाएकी मिरजेची गाडी आठवली.

तानुबाई गाळणीकडेच बघत होत्या. "आणि ह्ये पिवळं गं?"

संयोगितानं एक कण नखावर घेतला. "चमकीचे हार, झालरी. तात्यांच्या कलशालाही एक होता. मीच आणला होता. आपण तो पिशवीसकट सोडला."

"मंजी मालक न्हाईत ह्यात."

"नाहीत. अस्थी विरतात, आई. तात्या पाण्याला मिळाले, मातीला मिळाले. जे विरलं नाही ते आपण टाकलेलं आहे."

तानुबाईंनी बादलीत बघितलं. मग गाळणी नदीच्या पाण्यावर झटकायला हात उचलला, आणि मध्येच थांबवला.

"कागूद दे. नदीत नगं परत."

घरी येऊन त्यांनी फोटोपुढची पुडीही उचलली. तिथं मूठभर बाजरी ठेवली, निवडलेली. तांब्यातलं उकळलेलं पाणी ओतून गोळी गिळली आणि फोटोकडे बघत म्हणाल्या, "बादली आणा म्हणायचं, एवढंच की वं तुमचं."

खरंच, एवढंच आहे. कुणी पाण्यातून सोनं काढून दाखवलं तर हात जोडायच्या आधी एक बादली मागा, किलोभर मीठ मागा. भरीव असेल ते तळाला बसेल. आणि पोचट वर आलं, तर ते कुठून आलं तेही विचारा. बहुधा आपल्याच घरून आलेलं असतं.