राजदूतची वाटणी

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत राजदूत मोटारसायकली किती खपल्या आणि त्यातल्या किती अजून जिवंत आहेत, याचा अंदाज बांधायचं खूळ स्वरूपाच्या डोक्यात शिरलं होतं. खपाचा आकडा जुन्या दुकानदारांनी सांगितला, पण जिवंत गाड्या गावोगाव हिंडूनच मोजायच्या होत्या. कळसच्या गेणबातात्यांकडे एक आहे, असं कळलं म्हणून ती तिथं गेली.

"हाय की," तात्या म्हणाले. "पण आमा भावांची वाटणी झाली, तवा तिचीबी झाली. इंजिन माझं, ते वैरण कापायच्या कडबाकुट्टीला जोडलंय. सांगाडा मधल्या अप्पाकडं, चाकं धाकट्याच्या हातगाड्याला."

स्वरूपा वैतागलीच. आता ही एक धरायची, तीन, का मेलेली?

"मग तिघं मिळून परत जोडा की, तात्या!"

"आमी बोलत न्हाय एकमेकांशी."

तरी तिला दाखवायला म्हणून तात्यांनी किक मारली. फटफट सुरू झाली, तशी शेजारची दोन्ही दारं उघडली. दोघं म्हातारे भाऊ उंबऱ्यात येऊन कान देऊन उभे राहिले.

"रोज येत्यात," तात्या हळूच म्हणाले. "म्हणून तर कुट्टीला लाईटची मोटर बसवली न्हाय."