इवायांनी निवडलेली दुर्बीण

रूपरावांचं शेत सेलूच्या पलीकडं, बोरच्या डोंगराला लागून. ज्वारी हुरड्यावर आली की रानडुकरं उतरत, म्हणून त्यांच्याकडं परवान्याची रायफल होती. रविवारी वर्ध्याच्या रायफल क्लबात जाऊन निशाण मारण्याचाही त्यांना भारी नाद. पण सत्तर सालच्या पावसाळ्यानंतर त्यांच्या ध्यानात आलं, की नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी नीट दिसली तर निशाण पुसट होतं, आणि निशाण दिसलं तर माशी. पंचावन्न वर्षांचे डोळे ते. त्यांनी रायफलीवर दुर्बीण बसवायचं ठरवलं. चारपटीची, साधी, फिरवाफिरवीचं काही नसलेली.

ही बातमी आष्टीला पोचली आणि पंचाईत झाली. त्यांची लेक कांता त्याच वर्षीच्या वैशाखात आष्टीच्या महादेवरावांच्या घरी दिली होती. हे इवाई, म्हणजे व्याही, मोठे हौशी गृहस्थ. नागपूरचा बंदूकवाला ओळखीचा आहे, मी संगं येतो, असा त्यांनी निरोप धाडला. लेकीच्या सासऱ्याला नको कसं म्हणणार?

दुकानात दोन दुर्बिणी निघाल्या. एक चारपटीची. दुसरी लांब, चकचकीत, कडं फिरवलं की तीनपासून नऊपटीपर्यंत जाणारी. महादेवरावांनी कडं नवावर नेलं, दारात उभं राहून रस्त्याच्या पार टोकाला असलेल्या पानठेल्याची पाटी मोठ्यानं वाचून दाखवली, आणि ते हरखूनच गेले. घ्यायची तर हीच. रूपरावांनी हळूच चारपटीची डोळ्याला लावली. चित्र लहान, पण उजळ. अर्धा रस्ता एका नजरेत मावत होता. त्यांचं मन तिथंच बसलं, पण शब्द ओठावर येईना. सोयरिकीचं पहिलंच वर्ष. इवायांचं मन मोडलं तर त्याची झळ कांतेला लागायची. दुकानदाराला त्यांची अडचण कळली असावी. दोन्ही घेऊन जा, चालवून पाहा आणि एक परत आणा, असं तो म्हणाला.

रविवारी क्लबाच्या मैदानावर नत्थूजीनं आधी मोठी दुर्बीण रायफलीवर चढवली. नत्थूजी फौजेतून निवृत्त झालेला हवालदार, क्लबाची सगळी हत्यारं तोच सांभाळी. महादेवराव रेतीच्या थैलीवर नळी टेकवून पालथे झोपले आणि शंभर यार्डांवरच्या कागदात त्यांनी पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत घातल्या. रूपरावांनी मोकळ्या मनानं वाहवा केली, पण मनाशी म्हटलं, आता ही चकचकीत दुर्बीणच गळ्यात येणार.

मग उभ्यानं मारायची पाळी आली. नऊपटीत कागदावरचा काळा गोल मोठा दिसे, पण हाताचा थरकापही तेवढाच मोठा दिसे. महादेवरावांनी श्वास कोंडला, चेहरा लाल झाला, पण गोळी काही सुटेना. शेवटी नत्थूजीनं टिनाचं डुक्कर काढलं. चाकांवर बसवलेलं ते डुक्कर दोरीनं ओढत, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"डुक्कर कुठं हाये, इवाई?" महादेवराव नळी इकडून तिकडं फिरवत विचारू लागले. "मले तं नुसतं गवतच दिसून राह्यलं."

"गेलं जी ते पल्याड," रूपराव म्हणाले. त्यांनी हसू मोठ्या कष्टानं आवरलं.

कडं खाली आणा, असं नत्थूजीनं सुचवलं. ते फिरवेपर्यंत डुक्कर दुसऱ्यांदाही निघून गेलं.

रूपराव पुढं झाले. त्यांनी चारपटीची बसवून घेतली, नत्थूजीनं चार गोळ्यांत तिचा नेम जुळवला, आणि रूपरावांनी रायफल पहिल्यांदा इवायांच्याच हातात दिली. डुक्कर निघालं. मैदानाच्या मध्यावर पोचतं न पोचतं तोच टिन खणकन वाजलं. महादेवरावांनी रायफल नत्थूजीकडं दिली आणि रूपरावांना सगळ्यांदेखत मिठी मारली.

"मोठी वापस करा, इवाई," ते म्हणाले. "डुक्कर दिसलं म्हंजे झालं. त्याचे केस काऊन मोजाचे?"

रूपरावांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी क्लबातल्या सगळ्यांना चहा पाजला. चहा पिता पिता महादेवराव आपण दुर्बीण कशी पारखून निवडली ते सांगत होते, आणि रूपराव मान डोलावत होते.

पौषात एका सकाळी रूपरावांनी शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून एकाच गोळीत एक मोठं डुक्कर पाडलं. चांदण्या विझता विझता, माशीनं कधीच दिसलं नसतं अशा उजेडात. दुसऱ्याच दिवशी आष्टीची मंडळी एस.टी.नं हुरडा खायला आली. शेतावर शेजारीपाजारी जमले, एकीकडं मटणाचं पातेलं रटरटत होतं, आणि बाजेवर बसलेले महादेवराव नागपूरच्या दुकानाची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होते.

आगटीजवळ कणसं भाजत बसलेल्या बापाकडं कांता आली. "बाबा, खरं सांगजा. दुर्बीण कोनं निवडली?"

"तुह्या मामंजीनं," रूपराव म्हणाले, आणि गरम हुरड्याची ओंजळ तिच्या पदरात ओतली. "हे घे, नेऊन दे त्याह्यले. थंडा झाल्यावर मजा नाई."

कांता हसत बाजेकडं गेली.